मदत हवी आहे: ३ वर्षांच्या मुलाचं बोट दारात चेमटलं, नख काळं पडलंय

मुलगा ३ वर्षांचा, वजन १४ किलो. काल संध्याकाळी मधलं बोट बिजागरीच्या फटीत चेमटलं. रक्त थांबलंय. नख काळंनिळं, मुळाशी वर आलेलं, शेवटचं पेर थोडं खाली वाकलंय. हळद लावून कापूस बांधलाय. नख आपोआप गळेपर्यंत थांबावं का?

प्रतिसाद १
थांबू नका, आजच हाडांच्या डॉक्टरांना किंवा हाताच्या सर्जनना दाखवा. नुसतं नख काळं असतं तर एवढी घाई नव्हती. नखाचं मूळ कातडीच्या घडीतून सुटून वर बसलंय आणि पेर वाकलंय, म्हणजे हाड जिथून वाढतं तिथेच मोडलेलं असू शकतं. याला सेमूर फ्रॅक्चर म्हणतात. यात नखाखालची फाटलेली कातडी मोडीत अडकते. ती सोडवून, जखम धुऊन हाड बसवलं नाही, तर हाडात पू होतो, नख वाकडं येतं, बोटाची वाढ खुंटते. एक्स-रे त्याच बोटाचा, अगदी बाजूने काढून घ्या. समोरून काढलेल्यात ही मोड सहज नजरेतून सुटते.

धागाकर्ती
निघतोय. कापूस चिकटलाय, ओढून काढू का? रात्रभर ठणकत होतं.

प्रतिसाद २
ताई, ओढू नका. उकळून गार केलेलं पाणी ओतत १० मिनिटं भिजवा. नाहीच सुटला तर राहू दे, तिथे काढतील. वर स्वच्छ गॉज सैल गुंडाळा, टोक उघडं ठेवा. ते पांढरं किंवा निळं पडलं तर पट्टी लगेच सोडा. मनगटातला काळा दोरा, वाळा आत्ताच काढा, सूज चढली की कापावा लागतो. हात उशीवर, छातीपेक्षा उंच.

पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिग्रॅ, म्हणजे एका वेळी साधारण २०० मिग्रॅ. ५ मिलीत २५० मिग्रॅ असलेलं सिरप असेल तर ४ मिली, १२० वालं असेल तर ८ मिली. बाटली वाचूनच मोजा, चूक इथेच होते. दोन डोसांत ६ तास, दिवसाला ४ पेक्षा जास्त नाही. ॲस्पिरिन अजिबात नको.

आणि रडतोय म्हणून दूध-बिस्किट देऊ नका. भूल द्यावी लागली तर पोट ६ तास रिकामं लागतं. शेवटचं कधी, काय खाल्लं ते लिहून न्या. लसीचं कार्डही घ्या, धनुर्वाताचा दीड वर्षाचा बूस्टर झालाय का ते विचारतील.

प्रतिसाद १
हळद लावल्याचंही सांगा. पिवळ्या थराखाली जखमेची कड दिसत नाही, धुवायला वेळ लागतो.