चोबानू, चेबान, चाबान: ही सगळी एकाच घराण्यातली माणसं का?

मोरजीची_माई

नमस्कार मंडळी. मी मोरजीला राहते. घराला लागून आमच्या चार खोल्या आहेत, त्या पर्यटकांना भाड्याने देतो. परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म (आम्ही त्याला सी-फॉर्म म्हणतो) ऑनलाईन भरावा लागतो, आणि आमच्याकडे ते काम माझं. पासपोर्ट मांडीवर घेऊन एकेक अक्षर बघत टाइप करायचं. बारा वर्षं हेच करते आहे, त्यामुळे पाहुण्यांची आडनावं माझ्या डोक्यात घर करून बसतात.

या मोसमात एक गोष्ट झाली. डिसेंबरात रशियन पासपोर्टवर एक बाई आल्या, आडनाव चेबान. जानेवारीत दोन नंबरच्या खोलीत रोमानियाचं एक जोडपं, आडनाव सी-आय-ओ-बी-ए-एन-यू. मी 'सिओबानू' म्हणाले, तर त्या बाईंनी हसून मान हलवली आणि म्हणाल्या, 'चोबानू'. त्याच आठवड्यात चार नंबरला मोल्दोव्हाचा एक मुलगा आला. त्याचं आडनाव पुन्हा चेबान, पण रशियन बाईंचं स्पेलिंग सी-एच ने सुरू होत होतं आणि याचं नुसत्या सी ने. मग एका कार्यालयातून मला फोन आला की तुम्ही एकच आडनाव दोन तऱ्हांनी टाकलंय, नीट बघून भरा. मी पासपोर्टवर होतं तेच भरलं होतं. फार वाईट वाटलं. बारा वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं.

संध्याकाळी ती गोष्ट चोबानूबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, तिन्ही एकच, अर्थ मेंढपाळ. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात मक्याच्या पिठाची मामालिगा केली. उकळत्या मिठाच्या पाण्यात पीठ सोडून लाकडी दांड्याने इतकं घोटलं की दंडाला घाम फुटला. मग तो गोळा पाटावर उपडा केला, शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा मागितला आणि दोरा खालून ओढून सुरेख फोडी पाडल्या. सुरी लावायची नाही म्हणाल्या. हे मेंढपाळांचं खाणं, वर मेंढीच्या दुधाचं चीज हवं. ते नव्हतं, आम्ही खोबऱ्याच्या चटणीबरोबर खाल्लं.

तेव्हापासून मनात घोळतंय. ही माणसं एकमेकांच्या नात्यातली असतील का? आडनाव कुठून आलं आणि इतक्या देशांत कसं गेलं? माझं माहेरचं आडनाव चारी. वडील सुतार, आजोबा सुतार. गोव्यात जाईन तिथे चारी भेटतात आणि सगळे माझे नातेवाईक नाहीत हे मला माहीत आहे. तसंच काही आहे का हे?

शब्दवेडा_फोंडा

माई, तुमच्या प्रश्नात अर्धं उत्तर आहे. चारींसारखंच. धंद्यावरून पडलेलं आडनाव एका मूळ पुरुषापासून निघत नाही. ज्या गावात मेंढरं, त्या गावात मेंढपाळ, आणि प्रत्येक गावातला मेंढपाळ वेगळ्या घरचा. रोमानियातून जाणाऱ्या कार्पेथियन डोंगरांच्या दोन्ही अंगांना शेकडो वर्षं हाच व्यवसाय मोठा होता. उन्हाळ्यात कळप डोंगरावर, हिवाळ्यात डॅन्यूबच्या सपाटीवर. रोमानियातल्या सिबिऊ शहराजवळचे मेंढपाळ कळप घेऊन क्रिमियापर्यंत आणि कॉकेशसपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा हे आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे उगवलं.

आता शब्द बघा. रोमानियनमध्ये 'चोबान' म्हणजे मेंढपाळ. आपण 'तो मेंढपाळ' म्हणताना 'तो' आधी ठेवतो. रोमानियनमध्ये हा 'तो' शब्दाच्या शेपटीला चिकटतो. म्हणून 'चोबानुल', आणि बोलताना शेवटचा ल गळून 'चोबानू'. गावात 'इओन चोबानू' म्हटलं की 'तो मेंढपाळ इओन' असा सरळ अर्थ. मोरारू म्हणजे गिरणीवाला, ओलारू कुंभार, क्रोइतोरू शिंपी, रोतारू चाकं करणारा, कोजोकारू मेंढीच्या कातड्याचे कोट शिवणारा. सगळ्यांच्या शेवटी तोच 'उ'. जुन्या रोमानियात आडनाव वंशपरंपरेने कायम करणारा कायदा 1895 साली आला. त्याच्या आधी सामान्य माणूस बापाच्या नावाने, गावाच्या नावाने किंवा धंद्याच्या नावाने ओळखला जाई, आणि नातवाचा धंदा बदलला की ओळखही बदलू शकत असे. म्हणजे नोंद झाली त्या पिढीत ज्याच्या हातात काठी होती, त्याचे पणतू आज संगणकावर बसले तरी चोबानूच.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. 'चोबान' हा शब्द रोमानियनने तुर्कीतून घेतला, तुर्कीने फारसीतून. फारसीत 'चोपान', 'शुबान'. त्याच्या मागे जुनं इराणी रूप आहे 'फ्शु-पान': 'फ्शु' म्हणजे पशू आणि 'पान' म्हणजे राखणारा. आपल्या संस्कृतमधला 'पशुप' तो हाच. 'गोप', 'नृप' यांतला 'पा' धातू, रक्षण करणं. काश्मीरमध्ये आजही मेंढरं राखणाऱ्यांना चोपान म्हणतात आणि ते आडनाव म्हणूनही चालतं. गोव्याच्या कदंबकाळातल्या राजधानीचं नाव गोपकपट्टण, त्यातला गोप गाई राखतो. तुमच्या दोन नंबरच्या खोलीतल्या बाई आडनावाने तुमच्या भाषेच्या लांबच्या नातलग निघाल्या, माई.

आणि एवढ्यावर थांबत नाही. रोमानियनमध्ये मेंढपाळाला दुसरा, लॅटिनमधून थेट आलेला शब्द आहे 'पकुरार'. तो आज मुख्यतः रोमानियाच्या ट्रान्सिल्व्हानिया भागाकडे ऐकू येतो, आणि पकुरार, पकुरारू ही आडनावंही आहेत. लॅटिन 'पेकोरारिउस', मूळ 'पेकुस', म्हणजे जनावर. भाषाशास्त्रात 'पेकुस' आणि आपला 'पशु' ही सख्खी भावंडं. म्हणजे एक शब्द रोमहून आला, दुसरा इराणातून तुर्कांच्या घोड्यावर बसून आला, आणि दोघांच्या पोटात तोच पशू. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्री उठून बायकोला सांगितलं होतं.

पकुरारूबद्दल एक सावधगिरी मात्र. रोमानियनमध्ये 'पकुरा' म्हणजे डांबरासारखं जमिनीतलं तेल, आणि ते काढणारा, विकणाराही 'पकुरार'च. त्यामुळे एखाद्या पकुरारूचा पूर्वज मेंढ्यांमागे होता की तेलाच्या पिंपामागे, हे घराण्याची कागदं बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

चेबान, चाबान ही रूपं पूर्वेकडची. आजच्या मोल्दोव्हाचा बहुतेक भाग 1812 ते 1918 रशियन साम्राज्यात होता, मग 1940 पर्यंत रोमानियात, आणि युद्धातली मधली वर्षं सोडली तर 1991 पर्यंत सोव्हिएत संघात. रशियन लिपीत आडनाव नोंदवताना शेवटचा 'उ' कधी टिकला, कधी गेला, स्वरही हलले. 1989 मध्ये मोल्दोव्हात लॅटिन लिपी परत आली, तेव्हा कुणी चोबानू झाले, कुणी चेबान राहिले. मोल्दोव्हाची राजधानी किशिनाऊ, तिथल्या महापौरांचं आडनावही चेबान आहे. तोच शब्द तुर्कस्तानात चोबान आणि चोबानओग्लू, बल्गेरियात चोबानोव्ह, सर्बियात चोबानोविच, युक्रेनमध्ये चाबान.

कुळागर

सर, मस्त लिहिलंय. एक विचारायचं होतं. बाईचं आडनाव बदलत नाही का? रशियनमध्ये इवानोव्हची बायको इवानोव्हा होते ना?

शब्दवेडा_फोंडा

नाही बदलत. मेंढ्या राखणाऱ्या बाईला 'चोबानित्सा' असा वेगळा शब्द आहे, पण आडनाव स्त्री-पुरुष दोघांचंही चोबानूच. परदेशात नातेवाईक शोधणाऱ्यांना याचा फायदा होतो.

स्विंडनला_असतो

माई, मी मूळचा पेडण्याचा, आता इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये. इथे गोंयकार किती आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे. रात्रपाळीला गोदामात माझ्या शेजारच्या ओळीत एक चोबानू आहे. तीन वर्षं आम्ही एकत्र जेवतो. तुमचा प्रश्न वाचून काल त्याला विचारलं.

तो जन्माने मोल्दोव्हाचा, पण पासपोर्ट रोमानियाचा. त्याचे पणजोबा 1940 च्या आधी रोमानियाचे नागरिक होते, म्हणून रोमानियाच्या 1991 च्या नागरिकत्व कायद्याखाली त्याला ते परत मिळालं. ऐकून मी दोन मिनिटं गप्प बसलो. माझंही तेच आहे हो. आजोबा 1961 च्या आधी गोव्यात जन्मले, त्यांचा जन्म लिस्बनला नोंदवला, मग वडिलांचा, मग माझा, आणि पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला. दोघांचेही पूर्वज जागचे हलले नाहीत, सरहद्द हलली, आणि त्या जोरावर आम्ही दोघं इंग्लंडमध्ये एकाच टेबलावर डबा उघडतो.

स्पेलिंगचं दुखणंही तेच. त्याच्या आजीच्या सोव्हिएत कागदांवर चेबान, त्याच्या पासपोर्टवर चोबानू. माझ्या आजोबांच्या पोर्तुगीज दाखल्यावर नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई, माझ्या शाळेच्या दाखल्यावर नुसता के. एका नोकरीच्या ठिकाणी ही दोन माणसं वेगळी नाहीत हे पटवताना माझे सहा आठवडे पगाराविना गेले. आपल्याकडे शेटचं स्पेलिंग एक्स-ई-टी-ई, प्रभूचं पोरोबो, भटाचं बोतो, कामतचं कामोतिम. लिहिणारा आपल्या कानाने लिहितो, आणि ते निस्तरतात पुढच्या तीन पिढ्या. म्हणून माई, फोनवर कुणी काहीही म्हणो, पासपोर्टवर आहे तेच भरा. तुम्ही बरोबर केलंत.

आता आडनाव कुठे कुठे गेलं ते. रोमानिया 1 जानेवारी 2007 ला युरोपीय संघात आला. त्याच्या आधीपासूनच माणसं इटली आणि स्पेनला जात होती, कारण भाषा जवळची, महिन्या-दोन महिन्यांत बोलता येते. आज इटलीत रोमानियाचे दहा लाखांहून जास्त लोक आहेत, परदेशी लोकांत त्यांचाच गट सगळ्यात मोठा. बायका बहुतेक म्हाताऱ्यांची सेवा करतात, पुरुष बांधकामावर. इंग्लंडमध्ये 2014 पासून कामावरची बंधनं उठली आणि 2021 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये रोमानियात जन्मलेले 5 लाख 39 हजार निघाले. मोल्दोव्हाचे लोक 2000 च्या सुमाराला पोर्तुगालातही मोठ्या संख्येने गेले. लिस्बनला माझ्या मावसभावाच्या इमारतीचं प्लास्टर करणारा मुकादम मोल्दोव्हाचाच होता. तेव्हा आज चोबानू सापडेल तो रोमानिया-मोल्दोव्हाच्या खालोखाल या देशांत. रशियात आणि युक्रेनच्या ओदेसा भागात मात्र चेबान, चाबान. तिकडचे बरेच जण परवा आलेले नाहीत, जुन्या काळापासून तिथलेच आहेत.

कुळागर

इस्रायलचे पाहुणे हरमलला खूप असतात. त्यांच्यात एक क्रोइतोरू भेटला होता. म्हणजे शिंपी?

शब्दवेडा_फोंडा

हो, शिंपी. मोल्दाव्हियाच्या, म्हणजे रोमानियाच्या ईशान्येकडच्या प्रांताच्या, गावांत आणि शहरांत ज्यू कारागीर पुष्कळ होते, विशेषतः शिंपी आणि पत्र्याचं काम करणारे. 1948 नंतर रोमानियातले ज्यू मोठ्या संख्येने इस्रायलला गेले आणि आडनाव बरोबर नेलं. म्हणून इस्रायलमध्ये क्रोइतोरू सहज भेटतो. त्याच्या आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, मोल्दाव्हियाला लागून असलेल्या बुकोव्हिना प्रांतातले रोमानियन शेतकरी कॅनडाला गेले. आल्बर्टात बोयान नावाची त्यांची वसाहत आहे, मूळ गावाचंच नाव दिलेलं. कुठला धंदा कुठल्या देशात पोचला, हे कोण केव्हा आणि कशासाठी निघालं त्यावर ठरतं.

मोरजीची_माई

देव बरें करूं सगळ्यांना. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. 'पशु' आणि 'पान' मी चोबानूबाईंना निरोप पाठवून कळवलं, देवनागरीत लिहून फोटो काढून. त्यांनी लगेच फोन लावला आणि मला तो शब्द चार वेळा म्हणायला लावला. त्यांचे आजोबा खरोखरच मेंढ्या राखायचे. धंदा आणि आडनाव जुळलेलं त्यांच्या घरातलं ते शेवटचं माणूस. त्यांच्याकडे मेंढवाड्यावरच्या मुख्य मेंढपाळाला 'बाच' म्हणतात, चीज तोच करतो, आणि बाचू हेसुद्धा आडनाव आहे, हेही त्यांनी सांगितलं. वडील कारखान्यात गेले. माझ्या घरीसुद्धा रंधा हातात घेतलेले शेवटचे माझे वडील. भाऊ बँकेत आहे. रंधा अजून माहेरी माळ्यावर आहे, त्याच्या मुठीला वडिलांच्या अंगठ्याचा खळगा पडलाय.

एक राहिलं. पुढच्या आठवड्याचं एक बुकिंग आलंय, मोल्दोव्हाचंच, आडनाव चेबोतारी. तेही मेंढपाळच का? चेबानसारखंच दिसतंय.

शब्दवेडा_फोंडा

नाही माई, दिसायला सारखं, पण मूळ वेगळं. 'चुबोता' म्हणजे उंच बूट, आणि चुबोतारू किंवा चेबोतारी म्हणजे बूट शिवणारा. किशिनाऊत 1910 साली जन्मलेल्या मोठ्या ऑपेरा गायिका मारिया चेबोतारी याच आडनावाच्या. पाहुणे आले की त्यांना विचारा, घरात कुणी चांभारकाम केलं होतं का. आणि फॉर्म भरताना शेवटचा 'आय' विसरू नका.