व्हॉट्सॲपवरची कबुली कोर्टात चालते का?

प्रश्न: मित्राला हातउसने पैसे दिले होते. 'पुढच्या महिन्यात नक्की देतो' असा त्याचा व्हॉइस मेसेज आहे. दाव्यात चॅटच्या स्क्रीनशॉटची प्रिंट लावली, तर समोरचे वकील म्हणतात हा पुरावाच नाही. मेसेज खरा असूनही?

उत्तर: खरा असणं वेगळं, ग्राह्य असणं वेगळं. मी दिवाणी दावे चालवते, रोज हेच बघते. प्रिंट ही नक्कल. तिच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र हवं. भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) त्यात येते. जुन्या पुरावा कायद्यातलं कलम ६५-बी चं प्रमाणपत्र ते हेच, जरा कडक झालेलं. आणि व्हॉइस मेसेजच्या स्क्रीनशॉटमधून न्यायाधीशांना ऐकू काय येणार? ऑडिओ फाइल द्या.

प्रश्नकर्ता: मूळ फोन आहे अजून. काच फुटलीय फक्त.

दुसरं उत्तर: मग विकू नका! अर्जुन खोतकर प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, मालकाने साक्षीला उभं राहून मूळ उपकरणच दाखल केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही.

पहिल्या वकील: बरोबर. पण फोन कोर्टात अडकून पडतो, म्हणून मी अशिलांना प्रमाणपत्रच करायला लावते. मागचेपुढचे मेसेज मात्र पुसू नका.