प्रति: लॉकडाउनच्या आधीचं ऑनलाइन

'कॉलेज स्क्रीनवर आलं ते लॉकडाउनमुळे' हे वरचं म्हणणं काही पटलं नाही. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) शैक्षणिक कार्यक्रम १९८४ पासून दूरदर्शनवर लागायचे. तेही भर दुपारी, पोरं कॉलेजात असताना! आयआयटीवाल्यांचं एनपीटेल, म्हणजे व्याख्यानं ऑनलाइन देणारा उपक्रम, २००३ चं. व्याख्यानं फुकटच होती, पण खरा फरक पडला तो क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे श्रेयांक, मिळायला लागल्यावर. २०२१ च्या नियमानं सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवरून घेता येतात, अर्थात कॉलेज तयार असेल तर.

आमच्या चिरंजीवांनी असा एक विषय घेतला. व्याख्यानं दीडपट वेगानं पळवली, असाइनमेंटची उत्तरं ग्रुपवरून उचलली. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यायची. हॉलतिकीट हातात आल्यावर घाम फुटला, मग तीच व्याख्यानं पुन्हा, साध्या वेगानं, वही घेऊन.