'टाइप आय सुपरचार्जर' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : बेल कंपनीच्या एक्सपी-59ए या अमेरिकेच्या पहिल्या जेट विमानावरचा मजकूर मराठीत आणते आहे. 'एक्सपी'ला मी 'प्रायोगिक प्रोटोटाइप' लिहिलं. पण इंजिनाला एका ठिकाणी 'टाइप आय सुपरचार्जर' म्हटलंय. सुपरचार्जर म्हणजे तर इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र, मग जेट इंजिन सुपरचार्जर कसं असेल? छपाईची चूक असावी का?

— चूक नाही ताई, मुद्दाम केलेली लपवाछपवी आहे. 1941 मध्ये अमेरिकी लष्करी हवाई दलाचे प्रमुख जनरल हॅप आर्नल्ड यांनी इंग्लंडमध्ये ब्रिटिश अभियंता फ्रँक व्हिटल यांच्या जेट इंजिनावरचं विमान पाहिलं आणि त्याच ऑक्टोबरात एक इंजिन अमेरिकेत पोचलं. तसं इंजिन बनवायचं काम मिळालं जनरल इलेक्ट्रिकच्या मॅसॅच्युसेट्समधल्या लिन कारखान्याला. तिथे टर्बोसुपरचार्जर बनत, म्हणून नावही त्याच पठडीतलं दिलं. कागद कुणाच्या हाती लागला तरी त्याला वाटावं, आणखी एक सुपरचार्जर! 18 एप्रिल 1942 ला त्यांचं 'आय-ए' हे जेट इंजिन पहिल्यांदा चाललं.

पण हे सोंग तसं अगदीच खोटं नव्हतं. टर्बोसुपरचार्जरमध्ये इंजिनातून निघालेला तप्त वायू टर्बाइन फिरवतो आणि टर्बाइन हवा दाबणारा कॉम्प्रेसर फिरवतं, म्हणजे उंचावरच्या विरळ हवेतही इंजिनाचा दम टिकतो. जनरल इलेक्ट्रिकचे अभियंता सॅनफर्ड मॉस यांनी 1918 मध्येच पाइक्स पीक या डोंगरावर लिबर्टी हे विमानाचं पिस्टन इंजिन नेऊन याची चाचणी घेतली होती. यातलं पिस्टनचं इंजिन काढा, जागी ज्वलनकक्ष बसवा, की बरंचसं जेट झालं. लाल तापलेल्या, गरगर फिरणाऱ्या पात्यांची सवय या लोकांना आधीपासूनच होती.

— 'पी' दुरुस्त करा. तो 'पर्सूट'चा, म्हणजे पाठलागी लढाऊ विमानाचा. 1948 मध्ये त्याचा 'एफ' झाला, म्हणून पी-80 आणि एफ-80 हे एकच जेट लढाऊ विमान. प्रायोगिकपणा 'एक्स'मध्ये आला. एक्सपी-59 हा आधीच्या, पंख्याच्या विमानाचा क्रमांक होता. त्याला नुसता 'ए' जोडला, तीही लपवाछपवीच. चाचण्या झाल्या त्या कॅलिफोर्नियातल्या मुरॉकच्या कोरड्या तळ्यावर तर जमिनीवर असताना या विमानाच्या नाकाला खोटा पंखा लावत!

प्रश्न : आणि जनरल इलेक्ट्रिकची पुढची इंजिनं, 'आय-16', 'आय-40'? त्यांची अश्वशक्ती कुठेच सापडत नाही.

— सापडणार नाही. तो आकडा रेट्याचा (थ्रस्टचा, म्हणजे इंजिन विमानाला ज्या जोराने पुढे ढकलतं त्याचा), शंभर पौंडांच्या मापात : 1,600 आणि 4,000 पौंड. अश्वशक्ती म्हणजे रेटा गुणिले वेग. विमान उभं असेल तर इंजिन कितीही गर्जो, हिशेबी शक्ती शून्य. ताशी 375 मैलांना एक पौंड रेटा म्हणजे एक अश्वशक्ती. त्यामुळे 'थ्रस्ट'ला सरळ 'रेटा' लिहा. 'प्रणोद' मला हिंदीचा उसना वाटतो आणि 'शक्ती' तर इथे चुकीचाच. सुपरचार्जर मात्र सुपरचार्जरच राहू द्या, मेकॅनिकही तेच म्हणतो.