जनतेचा कौल मोठा की युरोपीय महासंघाची मूल्यं?

प्रश्न: हंगेरीत २०१० पासून २०२२ पर्यंत सलग चार निवडणुका एकाच पक्षाने जिंकल्या. अशा सरकारचा निधी कायद्याचं राज्य मोडल्याच्या कारणावरून युरोपीय महासंघाने अडवणं म्हणजे जनतेचा कौल डावलणंच नव्हे का? आणि मूल्यं मोडणाऱ्या सदस्य देशाचे हक्क काढून घेण्याची तरतूद, म्हणजे कलम ७, महासंघाच्या करारात असूनही हंगेरीचा मतदानाचा हक्क का काढता आला नाही?

प्रतिसाद १: आधी कलम ७. त्याचे दोन टप्पे आहेत. मूल्यांना ‘स्पष्ट धोका’ आहे एवढं ठरवायला मंत्रिपरिषदेत चार-पंचमांश मतं लागतात. हक्क काढायचा तर त्याआधी आरोपी देश वगळून बाकी सगळ्यांचं एकमत हवं. पोलंडवर डिसेंबर २०१७ मध्ये आणि हंगेरीवर सप्टेंबर २०१८ मध्ये प्रक्रिया सुरू झाली, आणि दोघं एकमेकांना पाठीशी घालत राहिले. एका मित्राच्या नकाराने सगळं अडतं. हकालपट्टीची तर करारात तरतूदच नाही.

प्रतिसाद २: कौलाबद्दल. महासंघात येताना, २००४ साली, हंगेरीने लोकशाही, कायद्याचं राज्य ही मूल्यं, जी आज करारातल्या कलम २ मध्ये आहेत, स्वतःहून मान्य केली होती. शिवाय हा घरचा प्रश्न राहत नाही. तिथल्या न्यायालयाने काढलेल्या अटक वॉरंटवर दुसरा देश आपल्या भूमीवरचा माणूस ताब्यात देतो, तिथला मंत्री सत्तावीस देशांच्या कायद्यांवर मत देतो. न्यायाधीश दबावाखाली असेल तर त्याची झळ ज्यांनी त्या सरकारला कधी मतच दिलं नाही त्यांनाही बसते. बहुमताने सरकार मिळतं, न्यायाधीश नव्हे.

प्रतिसाद ३: हे पटतं, पण खरा पेच पैशाचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे ६३० कोटी युरो गोठवले. अंतिम लाभार्थींचे पैसे सरकारने तरीही द्यायचे, असं नियम सांगतो. पण त्याच निर्णयाने सार्वजनिक न्यासांच्या ताब्यातल्या विद्यापीठांना इरॅस्मसचे, म्हणजे महासंघाच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेचे, नवे करार बंद झाले. चूक राजकारणी बसलेल्या विश्वस्त मंडळांच्या रचनेत, भोगायचं विद्यार्थ्यांनी. हे मला अन्यायकारकच वाटतं.

दुसरी गोष्ट याहून वाईट. १३ डिसेंबर २०२३ ला, हंगेरीचं मत लागणार होतं त्या युक्रेनवरच्या शिखर परिषदेच्या आदल्या दिवशी, न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांचं कारण देऊन युरोपीय आयोगाने, म्हणजे महासंघाच्या कार्यकारी मंडळाने, हंगेरीचे दुसऱ्या निधीतले सुमारे १०२० कोटी युरो मोकळे केले. सुधारणा खऱ्या असतीलही. पण मुहूर्त असा साधला की मूल्यांचा सौदा झाला असंच दिसतं, आणि युरोपीय संसद त्यावरून न्यायालयात गेली. अटी आधी जाहीर हव्यात आणि पूर्ततेची तपासणी मतदानाच्या वेळापत्रकापासून अलग हवी.

प्रतिसाद १: पोलंडची प्रक्रिया मे २०२४ मध्ये बंद झाली, तीही तिथल्या मतदारांनी सरकार बदलल्यावर.