प्रत्येक उत्तराला 'बरोबर ना?' कशासाठी?

ठाम: कालच्या एका पोस्टमध्ये लिहिलंय, 'बोलणाऱ्या यंत्रणेने प्रत्येक उत्तराची खात्री करून घ्यावी, चुका संपतात.' वाचून डोकं फिरलं. तीन प्रश्नांचे सहा होतात, आणि ते 'हो'सुद्धा यंत्र चुकीचं ऐकू शकतंच. ऐकलेलं पुढच्या प्रश्नात गुंफा: 'उद्या, दोघांसाठी. किती वाजता?' चुकलं तर माणूस स्वतःच अडवतो.

रातराणी: नाही अडवत. माझ्या आईने डॉक्टरांच्या वेळेसाठी एकवीस तारीख सांगितली, यंत्राने एकतीस धरली. 'एकतीस तारीख, सकाळी की संध्याकाळी?' आई म्हणाली, 'सकाळी.' प्रश्न वेळेचा होता, तारखेकडे तिचं लक्षच नव्हतं. दहा दिवस दुखणं अंगावर काढलं तिने. सहा प्रश्न परवडले असते.

ठाम: वाईट झालं. पण माझा विरोध 'प्रत्येक' या शब्दाला आहे. यंत्राला स्वतःच्या ऐकण्याची कितपत खात्री आहे, याचा आकडा मिळतो. तो कमी असेल तिथे थेट विचारा. अशा यंत्रणा जोखण्यासाठीच्या १९९७ सालच्या 'पॅराडाइज' चौकटीतही काम झालं का आणि किती बोलावं लागलं, दोन्ही धरतात.

निवांत: खात्रीचं नंतर बघा, आधी बोलणं पुरं करू द्या! बाबा अर्धांगवायूनंतर अडखळत बोलतात. खाते क्रमांकाचे चार आकडे सांगून श्वास घेतला, की यंत्र मध्ये तोंड घालतं.

अनुस्वार: थांबायची मुदत वाढवली तर बाकीचे 'हॅलो, हॅलो' सुरू करतात. २००९च्या दहा भाषांच्या अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांतलं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं.

निवांत: तुमची सरासरी माझ्या बाबांना ऐकवू नका! क्रमांक किती आकडी आहे हे यंत्राला ठाऊक असतं ना? मग तेवढे येईपर्यंत गप्प बसावं.

अनुस्वार: आवाज चढवू नका. आकड्यांपुरतं मान्य. मोकळ्या बोलण्यात 'आणि', 'म्हणजे' यांवर कुणी थांबलं तरी वाट बघता येते. आपलं क्रियापदही शेवटी येतं, त्याचाही आधार आहे.

रातराणी: 'उद्या सकाळी' एवढंच म्हणतात लोक. कुठलं क्रियापद? आणि माझ्या एकतीसचं काय? यंत्राला पक्की खात्री असती, तरी तारीख चुकीचीच होती.

ठाम: बरं, तारखेला तुमचं खरं. ती थेटच विचारावी, आणि वारासकट: 'एकतीस, शुक्रवार, बरोबर?' वार ऐकून आई थबकली असती. वेळ आणि माणसं मात्र मी गुंफूनच विचारणार.