काळी मांजर तांबूस होत चाललीय, मदत हवी आहे

आमची मनी ३ वर्षांची, देशी, नसबंदी झालेली, जन्मापासून कोळशासारखी काळीभोर. गेल्या ५-६ महिन्यांत पाठ, मांड्या आणि आता पोटही गंजल्यासारखं तांबूस दिसायला लागलंय. आधी वाटलं ऊन, कारण दुपारभर बाल्कनीत पडलेली असते, पण उन्हाने उडालेला रंग टोकांना असतो ना, मी केस बाजूला करून बघितले तर मुळापासूनच तांबूस आहेत आणि पोटाला तर ऊन लागतच नाही.

डॉक्टरांना दाखवलं, किडनी, लिव्हर, थायरॉइड सगळं नॉर्मल, जंताचं औषध झालंय, पिसवा नाहीत, खाज नाही, केसही गळत नाहीत. वजन ३.४ किलो, खेळते व्यवस्थित. त्यांनी सांगितलं की काळा रंग बनायला टायरोसिन (प्रोटीनमधला एक घटक, अमिनो आम्ल) लागतं आणि ते खाण्यातून कमी पडत असेल, केसांच्या रंगाला वाढीपेक्षाही जास्त लागतं म्हणे.

खाणं म्हणजे दोन्ही वेळ भात आणि थोडं उकडलेलं चिकन, भातच जास्त, ही आमचीच चूक. आता भात बंद करून चिकन, थोडी कलेजी आणि पाऊच सुरू केलंय, ३ आठवडे झाले, अजून फरक नाही. कोरड्या फूडला ती तोंडच लावत नाही.

कोणाच्या काळ्या मांजराचं असं झालं होतं का? खाणं बदलल्यावर मुळाशी काळे केस दिसायला किती महिने लागले, आणि टायरोसिन वेगळं द्यावं लागलं की नुसत्या खाण्याने भागलं?